सह्या झाल्या, लग्न राहिलं : एका हस्तलिखिताचं प्रकरण

हस्तलिखितासोबत आलेल्या पत्रात एकच ओळ होती : डिचोलीतली प्रेमकथा, कौटुंबिक रहस्यासकट. लेखिका गोव्यातल्या त्याच डिचोली तालुक्यात एका शाळेत मराठी शिकवते आणि ही तिची पहिली कादंबरी. तिच्या संमतीने हे प्रकरण मांडतो आहे. पात्रांची नावं कादंबरीतलीच आहेत, तिचं नाव तिच्याच सांगण्यावरून गाळलं आहे. माझं काम संपादनाचं. लहान गाव, प्रेमात पडलेली दोघं आणि घरातलं जुनं गुपित ही जुळणी घेऊन येणारी हस्तलिखितं माझ्याकडे पुष्कळ येतात. बहुतेकांत गुपित ट्रंकेत असतं.

याही हस्तलिखितात ट्रंक होती. मुक्ता पुण्याची नोकरी सोडून डिचोलीला परतते आणि वडिलोपार्जित घराच्या वसरीवर कॅफे काढते. पलीकडच्या वाड्यावरचा सर्वेश नुकती वकिली करू लागलेला. दोन्ही घरांचं एकमेकांशी बोलणं नाही, का नाही ते कुणी सांगत नाही. मग माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडते, तिच्यात मुक्ताच्या आजोबांची पत्रं आणि पत्रांवरून असा संशय की सर्वेशचे वडील आजोबांचेच. म्हणजे ज्याच्यावर जीव जडला तो चुलत भाऊ निघायची वेळ. सत्ताविसाव्या प्रकरणात डीएनएचा अहवाल येतो, संशय खोटा ठरतो, एकतिसाव्यात मांडव घातला जातो.

लिखाणात जीव होता, हे आधी सांगायला हवं. 2018 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हापासून सर्वेशच्या अंगणात उभा असलेला खनिज वाहायचा टिप्पर, त्याच्या टायरांत वाढलेलं गवत, हप्ता थकल्यावर बँकेचा माणूस आला की घरातल्यांनी मागच्या दाराने कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, निघून जाणं, हे सगळं तिने पाहिलेलं होतं. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचं प्रकरण तर मी एका बैठकीत वाचलं. सर्वेश धोंड आहे, म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्त. व्रताच्या दिवसांत त्याचं जेवण वेगळं, निजणं वेगळं आणि त्याच दिवसांत मुक्ता नेमकी त्याच्यासाठी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, करी करून आणते. एवढ्या साध्या प्रसंगात तिने दोघांतलं अंतर, ओढ आणि विनोद तिन्ही साधलं होतं.

अशा लिखाणाला ट्रंक शोभत नव्हती. पण नेमकं काय चुकतंय ते माझ्याआधी वाचकांनी दाखवलं. हस्तलिखित दोघींना वाचायला दिलं होतं. पुण्याच्या वाचकबाईंनी डीएनएच्या प्रकरणापुढे ‘मालिका’ एवढाच शेरा लिहिला. दुसऱ्या बाई निवृत्त परिचारिका, माहेर-सासर दोन्ही डिचोलीत. त्या फोनवर म्हणाल्या, ‘‘अशें आसलें जाल्यार सगळ्या बाजाराक खबर आसतलें.’’ असं काही असतं तर अख्ख्या बाजाराला ठाऊक असतं.

त्यांचं म्हणणं हेच या प्रकरणाचं मूळ. डिचोलीसारख्या गावात कोण कुणाचा, कुणाची जमीन कशी गेली, कुणाचं ठरलेलं कशावरून मोडलं, हे मासळीबाजारापासून देवळाच्या चौकापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. फक्त काही माणसांसमोर ते बोलायचं नाही, असा अलिखित करार असतो. मुलांसमोर नाही, सुनेसमोर नाही, त्या घरच्या कुणासमोर तर नाहीच. अशा गावात घडणाऱ्या कादंबरीत ‘काय झालं होतं?’ या प्रश्नावर तीनशे पानं तोलता येत नाहीत. कोण बोलेल, कुणादेखत बोलेल आणि त्याला बोलायला भाग काय पाडेल, या प्रश्नांवर मात्र तोलता येतात.

लेखिकेला हे पटलं आणि तिने लगेच दुसरा पर्याय सुचवला : आजोबांचं फोंड्याकडे दुसरं घर, कलावंत घराण्यातली, म्हणजे देवळात नाचगाण्याची सेवा करणाऱ्या घराण्यातली बाई, तिची मुलगी. मी नको म्हटलं. असं गोव्यात घडत नव्हतं म्हणून नव्हे. घडत होतं आणि सर्रास घडत होतं. पण राजाराम पैंगीणकरांसारख्या समाजसुधारकांनी ज्या प्रथेविरुद्ध शतकापूर्वी समाज संघटित केला, ती प्रथा आपल्या नायक-नायिकेच्या लग्नात तात्पुरता अडथळा म्हणून वापरायची आणि शेवटच्या प्रकरणात बाजूला सारायची, हे मला हलकं वाटलं. त्या बाईचं दुःख सांगायचं तर तिचीच कादंबरी लिहावी.

मग मी हस्तलिखित पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या प्रकरणात अडखळलो. मुक्ताची शालूआत्या सोप्यावर बसून सोलां वाळत घालते आहे. आमसुलांच्या रसाने बोटं जांभळी, पदर खोचलेला, शेजारी रेडिओ. स्वयंपाकघरातून मुक्ताची आई तिच्याबद्दल कुणाला तरी हळूच सांगते : ‘‘सही झालेली तिची. लग्न तेवढं राहिलं.’’ पुढे अठ्ठावीस प्रकरणांत या वाक्याचा मागमूस नाही. आत्या येते, चहा करते, आशीर्वाद देते. मी लेखिकेला विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, ‘‘काही नाही, तसं होतं इथं कधी कधी. आत्या बिनलग्नाची का, ते सांगायला टाकलं.’’

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं थांबायला हवं. गोव्यात चर्चबाहेर लग्न करणाऱ्यांना तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं. पहिल्या खेपेस लग्नाचा इरादा नोंदवायचा, साक्षीदारांसह. मग हरकतीसाठी सूचना लागते. मुदत उलटली की पुन्हा जाऊन दुसरी सही करायची. ती झाली की कायद्याच्या लेखी ते नवरा-बायको, भटजी आणि अक्षता दोन महिन्यांनी का येईनात. त्या दोन महिन्यांत बिनसलं तर घरचे म्हणतात ‘मोडलं’. पण नोंदवहीत काहीच मोडलेलं नसतं. ते पुसायला कोर्टात जावं लागतं आणि आजही अशा अर्जांसाठी जोडपी कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

त्याच्या जोडीला मालमत्तेचा नियम. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर 1910 मध्ये लग्नाचे आणि घटस्फोटाचे कायदे आले. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण 1962 च्या कायद्याने जुने कायदे पुढे चालू ठेवले. वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे, तो 2016 च्या अखेरीस अमलात आला. या साऱ्यात कादंबरीला लागणारी गोष्ट एकच : लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. लग्नाआधीची, नंतरची, वारसाने आलेलीसुद्धा. एकाला विकायची तर दुसऱ्याची सही लागते.

हे लेखिकेला ठाऊकच होतं. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या दोन सह्या झालेल्या, घराच्या कर्जाच्या कागदांवर नवऱ्यामागोमाग तिनेही सही केलेली. फक्त हे कादंबरीत घालण्याजोगं आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं. रोजच्या व्यवहारातली गोष्ट रहस्य कशी होणार? मी तिला एवढंच विचारलं : शालूआत्याची सही कुणाबरोबर झाली होती?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘सर्वेशच्या काकाबरोबर.’’ त्या एका उत्तराने ट्रंक, पत्रं, डीएनए सगळं रद्दीत गेलं.

पुढचा प्रश्न : मोडलं कशावरून? हुंडा, पत्रिका, मानपान ही कारणं कुठल्याही गावात चालतील. डिचोलीचं कारण हवं होतं आणि ते सन शोधताना हाती लागलं. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल या चिन्हावर मत, वेगळं राहायचं तर दोन पानांवर. विलीनीकरणाला 1,38,170 मतं पडली, विरोधात 1,72,191; फरक 34,021. त्या महिन्यात गोव्यातली घरं कशी दुभंगली होती, ते ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. गंमत म्हणजे भांडण मराठीतूनच चाललं होतं. विलीनीकरणाची बाजू ‘गोमन्तक’ मांडत होता आणि विरोधाची ‘राष्ट्रमत’, तोही मराठी दैनिकच. लेखिकेने दोन घरांचं वैर एका वाक्यात उभं केलं : शालूच्या घरी ‘गोमन्तक’ यायचा, वसंताच्या, म्हणजे सर्वेशच्या काकाच्या घरी ‘राष्ट्रमत’, आणि दोघं एकमेकांचा पेपर देवळाच्या पायरीवर बदलून वाचायची. या एका वाक्यात त्यांचं प्रेमही आलं आणि ते कशावर आपटणार तेही.

पंचांग मदतीला आलं. त्या साली पौष 11 जानेवारीला लागला आणि 9 फेब्रुवारीपर्यंत होता. पौषात लग्न नाही म्हणून मुहूर्त माघातला, पण सरकारी काम आधी उरकून घ्यावं म्हणून दोन्ही सह्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झालेल्या. निकालानंतर दोन पानवाल्यांची मिरवणूक शालूच्या दारावरून गेली. कुणीतरी अंगणात पानं फेकली. मिरवणुकीत वसंत होता की नव्हता यावर दोन्ही घरांत आजही दोन मतं आहेत आणि कादंबरी त्याचा निकाल देत नाही. हे तिचं तिने ठरवलं, मी त्यात काही केलं नाही. माघ आला, मांडव घातला गेला नाही. वसंत मुंबईला गेला, गिरगावात राहिला, म्हातारपणी परत आला. दोघांपैकी कुणीच दुसरं लग्न केलं नाही.

आता गुपिताची ठेवण बघा. सह्या झाल्या होत्या हे सगळ्या बाजाराला माहीत, पण बाजाराच्या लेखी अक्षता पडल्या नाहीत म्हणजे लग्न नाही. सर्वेशला कायदा पाठ, पण सह्या झाल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही. ज्यांना घटना माहीत त्यांना तिचा अर्थ माहीत नाही आणि ज्याला अर्थ कळेल त्याच्यापर्यंत घटना पोचलेली नाही. परिचारिकाबाईंचा आक्षेप यात पुरता जिरला. गावापासून काहीच लपवावं लागत नाही.

बोलायला भाग पाडणारी गोष्टही गोव्यानेच दिली. इथे माणूस गेला की वारसपत्र नोतारकडे, म्हणजे नोटरीकडे होतं. जाणकार माणसं शपथेवर सांगतात की मयताचे वारस अमुक-अमुक, यांच्याखेरीज कुणी नाही, आणि त्याचा गोषवारा वर्तमानपत्रात छापून येतो. गोव्यातले पेपर वाचणाऱ्याला ही लहान अक्षरातली चौकट परिचयाची आहे. बरेच जण ती श्रद्धांजल्यांच्या पानाइतक्याच आवडीने वाचतात. कुणाचं काय विकायला निघालं, ते तिथेच आधी कळतं. नव्या खर्ड्यात कादंबरी अशा चौकटीनेच सुरू होते. साल 2023, मोपाचा विमानतळ नुकता सुरू झालेला, उत्तरेकडच्या तालुक्यांत जमिनीला गिऱ्हाईकं फिरू लागलेली. टिप्परच्या हप्त्यांनी जेरीस आलेल्या सर्वेशच्या वडिलांना दिवंगत भावाच्या नावावरचं भाट, म्हणजे माडांची बागायत, विकायचं आहे. चौकटीत लिहिलंय : वसंत अमुक तारखेला, मृत्युपत्र न करता, अविवाहित स्थितीत निवर्तले; त्यांचे बंधू हेच एकमेव व सार्वत्रिक वारस; त्यांच्याआधी वा त्यांच्या बरोबरीने हक्क सांगणारं कायद्याने कुणी नाही. मसुदा केला आहे सर्वेशने, अगदी प्रामाणिकपणे. आणि तो पेपर शालूआत्या चष्मा पुसून दोनदा वाचते, घडी घालते आणि सोलांच्या पाटीखाली ठेवते.

प्रेमकथेचं काय झालं, हा रास्त प्रश्न. खरं सांगायचं तर ती आता कुठे सुरू झाली. पहिल्या खर्ड्यात मुक्ता-सर्वेशच्या आड येणारी गोष्ट त्यांच्या हातातली नव्हती. अहवाल यायची वाट पाहायची, आला की रडायचं किंवा हसायचं. आता मुक्ताला सहाव्या प्रकरणात आत्याकडूनच सगळं कळतं आणि सर्वेशला ते सांगायचं की नाही हे तिला ठरवावं लागतं. सांगितलं तर निम्मं भाट आत्याचं, विक्री अडते, त्याच्या वडिलांच्या वारसपत्रातली शपथ खोटी ठरते आणि मसुदा त्याच्या हातचा. न सांगावं तर छप्पन वर्षं जे नाव आत्याने जपलं ते एका चौकटीने पुसलं गेलं, आणि ते पुसणाऱ्या घरात ही सून म्हणून जाणार. शिवाय दोघांनी स्वतःच्या पहिल्या सहीची तारीख घेतलेली. त्याच कार्यालयात.

कॅफे गेला. मुक्ता आता एका पतसंस्थेत कारकून आहे आणि थकलेल्या हप्त्यांची यादी तिच्या टेबलावरून जाते. सर्वेशच्या घरची नड तिला त्याच्याआधी आकड्यांत कळते. लेखिकेला कॅफे सोडवत नव्हता. वसरीवरच्या चिऱ्यांचं, उन्हाच्या तिरपीचं छान वर्णन होतं. ते आत्याच्या सोप्यावर हलवलं.

सगळ्यात जास्त वेळ एका आक्षेपाने खाल्ला. आत्या इतकी वर्षं गप्प का? कायद्याने वाट होती. 1910 च्या घटस्फोटाच्या कायद्यात दोघांच्या मर्जीने सलग दहा वर्षं वेगळं राहणं हे कारण धरलेलं आहे. म्हणजे 1977 पासून तिला मोकळं होता आलं असतं. सर्वेश वकील असल्याने हा प्रश्न तो विचारणारच आणि कादंबरीला उत्तर द्यावंच लागणार. आमच्यात यावर बरेच खटके उडाले. मी सुचवलं होतं की आत्याला कायदा माहीत नसावा. लेखिकेने ते झिडकारलं. तिच्या मते अज्ञानाने केलेली चूक वाचकाला कणव देते, पण आत्या तिला कणवेला लावायची नव्हती.

तिने लिहिलेला प्रसंग असा. 1978 मध्ये आत्याला एक बिजवराचं स्थळ येतं, चांगलं. ती कुणाला न सांगता कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, काळाआधीच्या एका खासगी बसने पणजीला जाते, वकिलाला भेटते. वकील सगळं नीट समजावतो, फी सांगतो, कोर्टाची तारीख साधारण कधी मिळेल तेही सांगतो. एक नोटीस मुंबईच्या पत्त्यावर जाईल, एवढं म्हणतो. आत्या विचारते, ‘‘त्यांनी काही उत्तर दिलं नाही तर?’’ वकील म्हणतो, ‘‘तर आपलं काम सोपं.’’ ती फी न देता उठते, बाजारातून काळ्या काचेच्या बांगड्या घेते आणि परत येऊन स्थळाला नकार कळवते. बस्स. का उठली ते लेखिकेने कुठेही लिहिलेलं नाही आणि मीही मग लिहायला लावलं नाही. त्या बांगड्या काळ्या का, असं पुण्याच्या वाचकबाईंनी समासात विचारलंय. तोही प्रश्न तसाच ठेवला.

संवादांची भाषा हा तसा छोटा मुद्दा, पण निस्तरावा लागला. पहिल्या खर्ड्यात सगळी पात्रं पुस्तकी मराठी बोलत होती. डिचोलीत घरात कोंकणी, देवळात आणि नाटकात मराठी, वकिलाकडे जुन्या कागदांत पोर्तुगीज आणि नव्यात इंग्रजी, असं चालतं. निवेदन मराठीत ठेवून रागाच्या आणि लाडाच्या जागी तेवढी कोंकणी आणली. आत्या वसंताबद्दल बोलताना मात्र मराठीवर येते, कारण त्यांचं बोलणं उत्सवातल्या नाटकाच्या तालमीत जुळलेलं. हे वाचकाने ओळखलं तर ओळखलं.

शेवटावर आमचं जमलं नाही. मला वाटत होतं, आत्याने आपला निम्मा हिस्सा स्वीकारावा आणि मग विक्रीच्या कागदावर वसंताची विधवा म्हणून सही करावी. तिला नाव मिळतं, सर्वेशच्या घराचं कर्ज फिटतं आणि तिच्या आयुष्यातली दुसरी महत्त्वाची सहीही कथेत येते. लेखिकेला हे फार गोड वाटलं. तिच्या शेवटात आत्या फक्त दुरुस्तीचं पत्र आणि नवी चौकट मागते. सर्वेश ती स्वतः लिहितो, वडिलांचा विरोध पत्करून. ‘अविवाहित’ जातं, पत्नीचं नाव येतं. विक्रीच्या कागदावर आत्या सही करत नाही. का, तर तिला त्या भाटातली एक जागा हवी आहे, विहिरीजवळची, आणि ती का हवी ते ती सांगत नाही. भाट तसंच पडून राहतं. हप्ते मुक्ताच्या पगारातून जाऊ लागतात आणि तिच्या सासूला ही गोष्ट आवडलेली नाही, इथे कादंबरी थांबते.

मी माझं म्हणणं एका पत्रात सविस्तर लिहून कळवलं. तिने वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि शेवट होता तसाच ठेवला. पुस्तक तिचं आहे.

आता हस्तलिखित सव्वीस प्रकरणांचं झालं आहे आणि पुण्याच्या एका प्रकाशकाकडे आहे. त्यांच्या वाचकाला जनमत कौलाचं प्रकरण लांबलेलं वाटतं आणि कायद्यासाठी तळटीप हवी आहे. तळटिपेला लेखिकेचा नकार आहे. नोतारच्या कार्यालयातल्या प्रसंगात म्हातारा कारकून सर्वेशला झापताना जे बोलतो त्यात सगळा कायदा आलेला आहे, असं ती म्हणते आणि ते बरोबर आहे. भाटकार, मुंडकार, कुळागर अशा गोव्यातल्या शब्दांची छोटी सूची मागे द्यायला ती तयार झाली. जनमत कौलाच्या प्रकरणातून दोन पानं कमी करायची की नाही, यावर पुढच्या आठवड्यात बोलायचं ठरलं आहे. माझं मत, मिरवणूक ठेवावी आणि त्याआधीची सभा काढावी.